धाकट्याचा डावा हात

ती. आईस,
थोरल्याचा नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. मी बरा आहे, जेवण वेळेवर होतं. गुडघा शेकतेस ना?

तू विचारलंस, बातम्यांत फौजेचे ट्रक परत येताना दिसले, त्यात आपला धाकटाही होता, पण तो डावा हात का हलवत होता? उजव्याला काही लागलं का?

काळजी करू नकोस. ते चित्र इथे बातमीला मीच जोडलं. तो आघाडीवर निघाला तेव्हाचं, गेल्या उन्हाळ्यातलं आहे. तिकडून नवं काही येतच नाही. मंत्री आगेकूच म्हणतात, तेव्हा आम्ही ते सरळ दाखवतो. गेल्या महिन्यात त्यांनी माघारीचं खापर जुन्या सेनापतींवर फोडलं, तेव्हा आमचे साहेब म्हणाले, "तेच उलटं कर रे. डावीकडचं उजवीकडे. एवढं कोण बघतंय?"

तू बघतेस, हे मी त्यांना सांगितलं नाही.

शेजारच्या काकूंना यातलं काही बोलू नकोस. त्यांचा मुलगाही त्याच ट्रकमध्ये आहे.

धाकट्याचं पत्र तुला आलं का? मला आलेलं नाही. हल्ली टपाल रखडतं म्हणतात.

काम संपलं की मी ते उलटं चित्र पुन्हा लावतो. ट्रक घराकडे येत राहतात, त्यातला एकही माणूस कमी होत नाही. आता डोळे मिटले तरी धाकटा मला डावा हात हलवतानाच दिसतो. तो उजव्या हाताचा आहे, हे तुझं पत्र वाचून आठवलं.

तू विसरू नकोस.

तुझा,
थोरला