उन्हात उभी गाडी

प्रिय कृतिका,

चिठ्ठी बघून घाबरू नकोस. घरी सगळे ठणठणीत आहेत आणि माझा फोनही बिघडलेला नाही. पण फोनवर बाबांचं नाव काढलं की तू "आई, ते राहू दे" म्हणतेस, मग मी बोंबील-करंदीवर येते आणि सांगायचं ते राहूनच जातं. म्हणून तुझ्या भावाच्या, विकीच्या हाती डब्याबरोबर ही चिठ्ठी देतेय. डबा आधी उघड, ओल्या जवळ्याची चटणी आहे, उन्हाने खराब होईल. मग निवांत वाच.

तर आपल्या गाडीतल्या कॅमेऱ्याबद्दल सांगायचंय. हसू नकोस. दिवाळीनंतर विकीने हौसेने गाडीच्या काचेला आतून तो रस्ता टिपणारा कॅमेरा लावला. कोण कुठून घुसतो, कोण ठोकतो, आपल्याकडे पुरावा हवा, असं त्याचं म्हणणं. तुझे बाबा तेव्हा बोललेले, माझे डोळे काय फुटलेत का. आणि आता त्याच कॅमेऱ्यासाठी जीव टाकतात. चैत्र लागला आणि तो दुपारचा बंद पडायला लागला. आतून एक बाई इंग्रजीत काहीतरी बोलते, टुंग करून वाजतं आणि खेळ खलास. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं ह्यांनी गाडीत कुणाला बसवलंय. विकीने सांगितलं की तापला म्हणून बंद होतोय, असं ती बाई सांगते.

मग घरात जे सुरू झालं ते काय सांगू बाय. आधी त्यावर ओला रुमाल टाकून झाला. मग काचेला वर्तमानपत्र. एक दिवस मी दही काढायला फ्रीज उघडते तर दह्याच्या पातेल्याशेजारी कॅमेरा बसलेला. आतून भिंगाला दव धरलं, दोन दिवस सगळा रस्ता धुक्यात. शेवटी ठाण्यात खोपटला एसटी डेपोसमोर संदेशचं गाडीच्या सामानाचं दुकान आहे, तिथे घेऊन गेले. त्या पोराने डोक्याला हात लावला. म्हणाला, काका, फ्रीजमध्ये ठेवलात तर उद्या पाणी जाऊन मरेल. तुमच्या कॅमेऱ्यात बॅटरी नाही हे नशीब, बॅटरीवाले उन्हात फुगतात. ह्याला आरशाच्या मागे सरकवू, थोडी सावली मिळेल. गाडी उभी असताना चालू ठेवू नका, काढून खणात ठेवा. आणि मुख्य म्हणजे गाडी सावलीत लावा. मग त्याने विचारलं, दुपारची गाडी उन्हात असते का. हे म्हणाले, छे, आमची गाडी कायम आंब्याखाली असते.

आता मी चक्रावले. कारण ते खरंच आहे. आजूबाजूला टॉवर उठले, आपल्या दिवा गावात झाड म्हणून औषधाला उरलं नाही, पण आपला आंबा आहे आणि गाडी त्याच्याखालीच असते. मग तापतो कुठे? सांग, तुझं डोकं चालतं ना? माझं तर चालेना. आणि दुसरं, ह्यांचा उजवा हात बघ कोपरापर्यंत कसा काळा पडलाय, उजवा गालही, आणि डावी बाजू तशीच. मी विचारलं, तर म्हणे मिठागरात काम केलेली कातडी आहे, तिला काय होतं. अगं, ते मिठागर सोडून किती वर्षं झाली. तिसरं, जेवून झालं की मोबाईल घेऊन बसतात आणि कॅमेऱ्यातला रस्ता बघतात. नुसता रस्ता! मी शेजारी गेले की मोबाईल पालथा. मला तर वाटलं म्हातारपण डोक्यात गेलं.

खरं सांगू, ह्या वर्षात मला काहीच उमगेनासं झालंय. तू जमिनीच्या हक्कसोडीवर सही करणार नाही म्हणालीस, त्या दिवसापासून. काका, बिल्डरची माणसं, सगळ्यांसमोर तू पेन खाली ठेवलंस आणि ह्यांची मान खाली गेली. ते बोलले, आजपासून तुझ्या घराचा उंबरा चढणार नाही. तूही बोललीस, नका चढू. तू बापाची ना, तेवढीच अडेल. मला वाटतं तुझंही बरोबर आहे. मीही भावांना सही दिलेली, बदल्यात साडी मिळाली. साडी छान होती, खोटं कशाला बोलू, पण माहेरच्या जमिनीवरून जाताना आजही मी खिडकीतून दुसरीकडे बघते. आणि मग रात्री ह्यांचं तोंड बघितलं की वाटतं, ह्या माणसाने बिल्डरला चारचौघांत शब्द दिलेला, त्याचं काय झालं असेल. दोघंही बरोबर असतील तर मी कुणाला दोष देऊ? तेवढं मला कुणी समजावून सांगत नाही. सही कर म्हणायला मी लिहीत नाहीये, हे लक्षात ठेव.

गेल्या आठवड्यात मी म्हटलं, डोंबिवलीला भाचीच्या लग्नाची साडी घ्यायचीय, मला घेऊन चला. आधी नाही नाही म्हणाले, मग निघालो. साडी घेतली. परत येताना गाडी भलत्याच रस्त्याला लागली. मी कुठे, कुठे विचारतेय तोवर एका नव्या बिल्डिंगसमोर रस्त्याच्या पलीकडे गाडी उभी केली, भर उन्हात, इंजिन बंद, कॅमेरा मात्र चालू. खिडकीची काच खाली केली आणि उजवा हात बाहेर टाकला. पुढे चार पावलांवर गुलमोहराची चांगली सावली होती. मी म्हटलं, अहो, डोकं फिरलंय का, गाडी तिकडे घ्या ना. तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिथून दिसत नाही."

काय दिसत नाही, म्हणून मी वर बघितलं. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत पिवळ्या काठाची गोधडी वाळत होती. माझ्या हाताचे टाके मी ओळखणार नाही का! तुझ्या नव्या घरी मी अजून आलेली नाही, गुडघ्यांनी घात केला, पण माझ्या नातीची, उर्वीची गोधडी मला कळते. मग तू बाहेर आलीस, कडेवर ती, तिच्या डोक्याला ते टोपडं. आम्ही दोघं खाली बसलेलो आणि तू कपडे उलटे करत होतीस. ह्यांनी श्वाससुद्धा हळू घेतला. तेवढ्यात कॅमेऱ्यातली बाई बोलली, टुंग, बंद. ह्यांनी काचेवर अशी बुक्की मारली की मी दचकले. तेव्हा कळलं, गाडीचं तोंड मुद्दाम गॅलरीकडे असतं. मोबाईलने फोटो काढला तर तो मुद्दाम काढल्यासारखा होईल, कॅमेरा काय, आपोआप टिपतो. रात्री मी दाखवायला लावलं. त्या रस्त्याच्या वर, कोपऱ्यात, उर्वी तांदळाच्या दाण्याएवढी दिसते. तेवढंच बघतात गं. मला तिथेच रडू आलं, आणि रागही आला दोघांचा.

मला वर हाक मारायची होती, पण हे गाडी चालू करायला लागले. मग मी म्हटलं, घसा सुकलाय, समोर शहाळं घेते, आणि उतरले. म्हणून ही चिठ्ठी. तुमच्या बिल्डिंगखाली पार्किंग आहे, थंडगार सावली आहे. वॉचमनला आपल्या गाडीचा नंबर देऊन ठेव, आणि पुढच्या वेळी समोर उभी दिसली की गाडी आत घ्यायला सांग. तू उर्वीला घेऊन खाली ये. बोलू नकोस हवं तर, जमिनीवरून भांडायचं असेल तर भांड, पण सावलीत उभी राहून भांड. उंबरा चढणार नाही म्हणालेत ना, नाही चढले तरी चालेल. शहाळ्याच्या निमित्ताने मी गेटातून आत डोकावून आले. पार्किंगला उंबरा नाही.

तुम्हा दोघांच्या मध्ये अडकलेली,
तुझीच आई