फाट्यावर थांबायचं

प्रिय धाकटे,

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. इथं पेन मागावं लागतं, आणि पेन मिळालं तर कागद नसतो. अक्षर किडामुंगीसारखं येतं, सांभाळून घे. तुझा खोकला गेला का? गार पाणी पिऊ नकोस.

तुझा दादा आणि वहिनी आठवडाभराच्या डोंगरवाटेला निघाले होते. दादा म्हणाला, बाबा, पहिला दिवस तुम्हीही चला, संध्याकाळी गाडीनं परत पाठवतो. मला धक्काच बसला. लहानपणी आईचा पदर सोडून आपल्याबरोबर कधी न आलेला हा पोरगा आज म्हाताऱ्या बापाला डोंगरावर नेतोय! मग मात्र हुरूप आला. शिलाई मशीन काढून पाठपिशवीचा उसवलेला पट्टा दुहेरी शिवला, बुटांना तेल लावलं, गोळ्या पुन्हा पुन्हा चाचपल्या.

बरोबर एक नवीकोरी टोपी घातलेला गृहस्थ होता. दादाचा मित्र, म्हणे. चढावर भात्यासारखा फुसफुसत होता, पण तोंडाला विश्रांती नाही. काका, आज वार कोणता? काका, सकाळी काय खाल्लं? मी म्हटलं, वार विचारायला एवढा डोंगर कशाला चढलात, घरी कॅलेंडर नाही का? वहिनी खुदकन हसली. मला वाटलं, माझ्या विनोदाला हसली.

सर्वांत हळू चालणारा पुढे, म्हणून मी पुढे होतो. झाडी संपून उघडी धार लागली तेव्हा दादा मागून ओरडला, बाबा, फाटा आला की थांबा, मागचा दिसेपर्यंत हलू नका! अगं, काळीज सुपाएवढं झालं माझं. हा नियम तर तुझा-माझा. तू एवढीशी होतीस, माझ्या बुटाचा तळ निघाला आणि मी मागे पडलो. धुक्यात तू फाट्यावर एकटी बसून राहिलीस, ओठ निळे पडले तरी दगडावरून हलली नाहीस. आईला सांगू नका हं, म्हणालीस, ती पुन्हा पाठवणार नाही. मी कुणालाच सांगितलं नाही. तुझ्या आईला शेवटपर्यंत नाही.

तर मी फाट्यावर थांबलो. कुणीच येईना. ऊन डोक्यावर आलं, पाणी संपलं. दादाचा पाय घसरला असेल का, दरीत पडला असेल का? हाका मारून घसा बसला. खाली उतरणारी दोन माणसं म्हणाली, आजोबा, चला आमच्याबरोबर. मी म्हटलं, नको, मुलगा मागे आहे. लघवीलाही आडोशाला गेलो नाही, तेवढ्यात तो आला आणि मी दिसलो नाही तर? शेवटी धोतर काय नि विजार काय, भिजायची ती भिजलीच.

ऊन कलल्यावर ते आले, पण मागून नव्हे, वरून. मला चुकवून दुसऱ्या वाटेनं चढले आणि वरच्या कड्याच्या सावलीत दुर्बीण घेऊन बसले होते. थर्मासमधला चहा पीत होते. मी दादाला मिठी मारली, वाचलास रे म्हणून रडलो. त्यानं नाक बाजूला केलं आणि टोपीवाल्याला म्हणाला, बघितलंत ना? टोपीवाला डॉक्टर निघाला. शहाणा माणूस असा मरत बसेल का, म्हणाला, आणि यांना एकटं ठेवू नका असं लिहून दिलं.

म्हणून मी आता इथं आहे, जिथं दाराला आतून कडी नसते. घराचं कुलूप दादानं बदललं. मशीनही विकलं म्हणे. ते सगळं मी सोडून दिलं. पण येताना गाडीत मी विचारलं, फाट्याचा नियम तुला कुणी सांगितला रे? आरशात बघत म्हणाला, धाकटीनंच सुचवलं. म्हणाली, फाट्यावर थांबवा, मग बाबा मेले तरी हलणार नाहीत. तो लहानपणापासून स्वतःच्या चुकांचं बिल तुझ्या नावावर फाडतो, मला ठाऊक आहे. तो खोटं बोलला, एवढंच लिही. एक ओळ पुरे. पण लवकर कळव गं, मी अजून थांबलोय.

तुझाच,
बाबा