छताचं ठरेपर्यंत

प्रिय दादा,

पाकीट बघून दचकू नकोस, घरी सगळे ठणठणीत आहेत. फोनवरच बोलले असते, पण तुझा फोन आला की आई स्पीकर लावते आणि सगळं घर भोवती गोळा होतं. मेसेज केला असता तर तू लगेच उलटा फोन केला असतास, मी रडले असते आणि आईने कारण विचारलं असतं. म्हणून हे पत्र. कुठे बसून लिहितेय ते ऐकलंस तर हसशील. माझ्या खोलीत, पलंगावर मांडी घालून, आणि चारही बाजूंनी पुढच्या खोलीतलं सामान अंगावर आल्यासारखं रचलेलं. सोफा उभा करून भिंतीला टेकवलाय, खिडकीपुढे टेबलावर खुर्च्या चढवल्यात, दाराशी बाबांचं लोखंडी कपाट. दार जेमतेम वीतभर उघडतं. बाहेर पडायचं तर आधी श्वास आत, मग एक पाय, मग उरलेली मी. आईला त्या फटीतून येता येत नाही, त्यामुळे चहाचा कप तेवढा आत येतो. बाबा बाहेरून ओरडतात, कैद्याचा भत्ता आला गं!

रंगकाम काढलंय हे आईने तुला सांगितलंच असेल. कशासाठी, ते तिने मुद्दाम सांगितलं नसणार, तुला चकित करायचं आहे तिला. पुढच्या खोलीत माझा शिकवणीचा वर्ग निघणार आहे. मला विचारायच्या आधी तिने गल्लीभर सांगून टाकलं. इस्त्रीवाल्याची जुळी, औषधाच्या दुकानातली ती अखंड बोलणारी मुलगी, समोरच्या काकूंचा नातू, सगळ्यांच्या जागासुद्धा ठरल्यात. बाबांच्या मित्राने पाटी रंगवून दिलीय. माझं नाव वर बारीक आणि खाली पदवी ही एवढी मोठी. ती पाटी बाबा रोज फडक्याने पुसतात. अजून लावलेली नाही, तरी पुसतात. दोघं इतके खूश आहेत ना दादा, की त्यांच्यासमोर बसलं की मला गुदमरायला होतं. भांडण असतं तर दार आपटून निघता तरी आलं असतं.

भिंती कधीच रंगवून झाल्या. अडलं होतं ते छतावर. तुला ते छत आठवत असेलच. बाबांनी ओल्या गिलाव्यावर ताठ ब्रश फिरवून उठवलेली अर्धवर्तुळं, एकावर एक चढलेली, माशाच्या खवल्यांसारखी. आपण खाली जमिनीवर उताणे पडायचो आणि तू सांगायचास की हा एक अजस्र मासा आहे आणि आपण त्याच्या पोटाखाली लपलोय. आता तो मासा पार पिवळा पडलाय. स्वयंपाकघरातला धूर खवल्यांच्या कडांवर बसलाय, गच्चीतून पाणी झिरपलं होतं तिथे तपकिरी डाग आहे, आणि खाचाखाचांत जाळी. रंगारी मान वर करून बराच वेळ बघत उभा राहिला. म्हणाला, रंग मारायचा तर आधी डाग बंद करावा लागेल, नाहीतर तो पुन्हा वर येईल. शिवाय आधीच दोनदा चुना-रंग झालाय, आता आणखी हात मारला तर खाचा भरतील आणि नक्षी बोथट दिसेल. किंवा सगळं खरवडून छत सपाट करा. किंवा जसं आहे तसं राहू द्या, वर कोण बघतंय. आई म्हणाली, मी बघते, झाडू माझ्या हातात असतो. बाबा काहीच बोलले नाहीत. आणि मग तिघांनीही माझ्याकडे वळून पाहिलं. आई म्हणाली, तू शिकलेली आहेस, तू सांग.

हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझी छाती फुगली होती. निकालाच्या दिवशी बाबांनी विजेचं बिल माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाले, आता हे खातं तुझं. मला वाटलं, घराने मला मोठं केलं. त्यानंतर बाबांच्या गोळ्या, गच्चीच्या पाण्यावरून शेजाऱ्यांशी झालेला वाद, आईचा चष्मा, कुकर कुठला घ्यायचा, सगळंच माझ्याकडे येत गेलं. परवा आईने बाजारात दोन भोपळे हातात धरले आणि मागे वळून माझ्याकडे बघितलं. भोपळ्यातलं मला काय कळतं? पण मी एकावर बोट ठेवलं, कारण ती थांबली होती.

तर छताबद्दल मी ठाम भूमिका घेतली. खरवडायचं नाही, ते बाबांच्या हातचं काम आहे. आयुष्यभर लोकांच्या घरांना गिलावा केलेल्या माणसाची स्वतःच्या घरात एवढी एकच खूण आहे, ती आपण पुसायची? रंगाऱ्यासमोर मी कष्टाची किंमत, हाताची कला यावर चांगलं भाषण दिलं. मग रंगही लगेच मारू दिला नाही. आधी कोपऱ्यात नमुना मारून बघू म्हटलं. तो वाळल्यावर म्हटलं, जरा वेगळी छटा बघू. मग म्हटलं, वाचून सांगते. रंगारी रोज दारातून विचारायचा, ताई, कोर्टाचा निकाल लागला का? शेवटी कंटाळला. एवढ्यात अख्खा दवाखाना रंगवून झाला असता म्हणाला, उभं राहायची परांची आणि खोलीभर पसरलेली कापडं तशीच टाकून दुसऱ्या कामावर गेला. ठरलं की हाक मारा.

बाबांच्या कामाबद्दल मी बोलले ते मनापासून होतं. पण पूर्ण खरं तुला सांगते. छत ठरलं की रंगारी येणार, सामान जागेवर जाणार, पाटी लागणार, आणि जुळी दप्तरं घेऊन दारात उभी राहणार. त्या मुलांना एकदा पहिला धडा शिकवला की मी इथून हलणार नाही, स्वतःला मी तेवढी ओळखते. छत लोंबकळत होतं तोवर माझंही काही ठरलेलं नव्हतं.

काल संध्याकाळी ग्रंथालयातून परत आले तर आतून आईचा आवाज, अहो, डावीकडे सरका, डोळ्यांत जाईल! आई रंगाऱ्याच्या परांचीवर उभी, डोक्याला टॉवेल, एका हातात इस्त्रीच्या पाण्याची फवारणीची बाटली आणि दुसऱ्या हातात उलथणं. भिजवायचं, थोडं थांबायचं, खरवडायचं. खाली बाबा छत्री उघडून उभे, वरून पडणारे खवले झेलत. अर्धा मासा जमिनीवर आला होता. आईच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या आणि दोघं शाळा चुकवल्यासारखे हसत होते.

मी किंचाळलेच. बाबांच्या हातचं काम ते! तर बाबा छत्रीखालून म्हणाले, कसलं हातचं काम गं, चूक होती ती माझी. घाईत गिलावा केला, पार लाटा आल्या, उतरवून पुन्हा करायला सवड नव्हती, म्हणून वर ब्रश फिरवला. आमच्या धंद्यात गिलावा फसला की नक्षी येते. वरून आई म्हणाली, आणि मी ती फसलेली नक्षी इतकी वर्षं झाडतेय. मी विचारलं, मग इतके दिवस गप्प का बसलात? बाबा म्हणाले, तू इतकं सुंदर बोलत होतीस रंगाऱ्यापुढे, मध्ये कशाला तोंड घालू? आपल्याबद्दल असं कोण बोलतं कधी?

मला हसू आलं, खरंच आलं. आणि मग आई वरूनच म्हणाली, तुला ठरवणं जड जात होतं ते दिसत होतं गं, म्हणून आम्हीच उरकून टाकलं. मुलं शिकायला बसतील, मान वर करतील, तेव्हा त्यांना जाळी नको दिसायला. असं म्हणून तिने उलथणं माझ्यापुढे धरलं, हात दुखले म्हणाली. मी वर चढले. उरलेलं सगळं मीच खरवडलं. उलथणं फिरवताना दर वेळी मनात म्हणत होते, आता सांग, हा तुकडा पडला की सांग. तुकडे पडत राहिले. बाबांनी जेवायच्या आधी रंगाऱ्याला फोन करून टाकला. तो परवा येतोय.

तू घर सोडलंस तेव्हा आई दोन दिवस बोलली नव्हती आणि मग एकदम म्हणाली होती, जाऊ दे, पोरगी आहे ना घरात. तुला दोष देत नाही, दादा. पण तुझ्यामागे मी होते. माझ्यामागे कोणी नाही. माझी पाळी येईल तेव्हा आई काय म्हणेल, हे वाक्य मी कितीदा जुळवून बघितलं, ते पुरंच होत नाही.

आता हे पत्र का लिहिलं ते. डोंगरातल्या एका निवासी शाळेत मला नोकरी मिळालीय. कामासाठी गावोगाव फिरणाऱ्या लोकांची मुलं तिथे राहतात, त्यांना शिकवणारं कुणी टिकत नाही. मी होकार कळवलाय. रंगारी आला की त्याचं काम संपायच्या आत आईबाबांना सांगायचं, असं ठरवलंय, पण माझ्या ठरवण्यावर माझाच विश्वास उरलेला नाही. म्हणून आधी तुला सांगतेय, म्हणजे ही गोष्ट फक्त माझ्या पोटात राहणार नाही. त्यांना तू काही सांगू नकोस, मध्ये पडू नकोस, मला फोनही करू नकोस. एवढंच कर, उत्तर लिही, आणि ते घरी पाठवू नकोस. खाली त्या शाळेचा पत्ता देतेय, तिथे पाठव. मी पोचलेली असले तर तिथे मला आलेलं ते पहिलं पत्र असेल. आणि ते उघडलं न जाता तुझ्याकडे परत आलं, तर काय झालं ते मला विचारू नकोस.

तुझीच,
धाकटी