माझ्या आवाजात दिलेला शब्द

मी, देवानंद नारायणराव मापारी, वय ६३, धंदा विनोदी कार्यक्रमांचे बुकिंग, राहणार मेहकर, जि. बुलढाणा, आज हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे, कोणी हात धरून लिहवून घेत नाही. आवाज मात्र नाही. सहा महिन्यांपूर्वी गळ्याच्या ऑपरेशनमध्ये तो गेला आणि दुखणं आता छातीत उतरलं आहे. डॉक्टर काही लपवत नाहीत, त्यामुळे उशीर करण्यात अर्थ नाही.

१. धंदा. शाळेचं स्नेहसंमेलन असो की गणेश मंडळ, सासरा, सून आणि नात एका सतरंजीवर बसून हसतील असाच कलाकार मी पाठवला. नवी नक्कल आधी आमच्या स्वयंपाकघरात व्हायची. माझी पत्नी अन्नपूर्णा पोळ्या लाटता लाटता ऐकायची. तिने लाटणं खाली ठेवलं की तेवढं वाक्य कापायचं, वाद नाही. धंद्याचं नाव आणि बुकिंगचा फोन नंबर मी जहांगीरला देतो. वरवट बकालचा हा नकलाकार माझ्याकडे सर्वांत जुना. स्वयंपाकघरातली परीक्षा त्यालाही बंधनकारक राहील.

२. जळगाव जामोदच्या राजकुमारने पांचट विनोद विकून माझी निम्मी मंडळं पळवली. त्याला काहीही देऊ नये. तेरवीला आला तर पोटभर वाढावं, पण माइक हाती देऊ नये.

३. बँकेतली ठेव अन्नपूर्णेची.

४. घर. हेही तिच्याच नावे करणार होतो. बदललं, त्याचं कारण लिहिणं भाग आहे.

मुलगी योगिनी सुरतला असते. माझं ऑपरेशन झालं तेव्हा ती गरोदर होती आणि डॉक्टरांनी तिला अंथरुणावरून उठू नको म्हणून बजावलं होतं. दर रविवारी तिचा फोन येतो. त्या रविवारी जहांगीर समोर बसला होता. त्याने फोन उचलला आणि माझ्या आवाजात बोलला. बाळंत होऊ दे, मग सांगू, असं ठरलं. मग बारसं होऊ दे. अजून सांगितलेलं नाही. मी पाटीवर लिहितो, तो बोलतो. तिने व्हिडिओचा हट्ट धरला की मेहकरात नेट नसतं. नात आजोबांचा आवाज ऐकून हसते म्हणे. जन्मभर लोकांना हसवायला दुसऱ्याला पाठवलं, आता नातीलाही. अन्नपूर्णा दर रविवारी लाटणं खाली ठेवते, पण हे कापायचं कुठून?

जहांगीर म्हणतो, "काका, मले नाई होत आता. योगिनी मले बाबा म्हनते न, तिले फसवल्यासारखं वाटते." मी पाटीवर लिहितो: एवढा एक रविवार.

मागच्या महिन्यात योगिनी फोनवर रडली. "बाबा, मले इथं नाई राह्याचं. हे मानूस हात उगारते माह्यावर."

मी पाटीवर 'सांभाळून घे' असं लिहीत होतो. पिढ्यानपिढ्या बाप तेच सांगत आले. जहांगीरने पाटीकडे पाहिलंच नाही. माझ्या आवाजात म्हणाला, "ये न माय, काऊन रडतं? घर तुयंच हाय."

ती शांत झाली. लेकराले प्रवास झेपला की येते, म्हणाली. मी पाटी पुसली. तिला आणायला जावं तर जिना उतरवत नाही, जावयाला चार शब्द सुनवावे तर तोंडात शब्द नाहीत. ती येईपर्यंत मी असेन असंही वाटत नाही.

शब्द जहांगीरचा, पण आवाज माझा होता. म्हणून तो मला लागू आहे. घर योगिनीच्या एकटीच्या नावे व्हावं. जावयाचा त्यावर काडीचाही हक्क नाही. अन्नपूर्णेने हयातभर तिथेच राहावं.

५. मी गेल्याचं योगिनीला जहांगीरनेच कळवावं. माझ्या आवाजात नाही. आधी 'मी जहांगीर बोलतो' असं सांगावं, मग बाकीचं सगळं. ती रागावली तर ऐकून घ्यावं. घराचा शब्द मात्र तिच्या बापाचाच आहे, हे तिला सांगावं.

वाचनानंतर हाताने जोडलेला मजकूर: साक्षीदारांना हे वाचून दाखवणं मला शक्य नव्हतं, म्हणून जहांगीरने वाचलं. सवयीने माझ्याच आवाजात सुरुवात केली. कलम ५ पाशी थांबला, पाणी प्याला आणि ते स्वतःच्या आवाजात वाचलं. अन्नपूर्णा आत पोळ्या लाटत ऐकत होती. तिने लाटणं खाली ठेवलं नाही.

सही: देवानंद नारायणराव मापारी

साक्षीदार:
१. अर्जुनराव इंगळे, निवृत्त मुख्याध्यापक (माझी पहिली सुपारी यांच्या शाळेची)
२. नौशाद शेख, लाउडस्पीकरवाले

मेहकर, १२ डिसेंबर २०२५