मांडवखारचे गटार आणि बुधाजीचे नाव

मी, बाळाजी मोरू घरत, वय पासष्ट, पूर्वी मुंबईत गटारखात्यात ओव्हरसियर, हल्ली पेन्शनर, राहणार चौल, तालुका अलिबाग, जिल्हा कुलाबा, आज रविवार तारीख १२ फेब्रुवारी १९६१ रोजी हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहितो. बुद्धी शाबूत आहे. कोणी दडपण आणलेले नाही. या घरात दडपण आणणारे माणूस एकच, माझी पत्नी ठमाबाई, आणि ती सकाळपासून म्हणते आहे, "लिवताय तर एका जागी बसून लिवा, सारकं उटू नका." मला बसवत नाही. सहा कागद फाडून झाले, हा सातवा.

कलम १. चौल येथील राहते घर, मागची नारळी-पोफळीची वाडी व विहीर ठमाबाईने हयातभर उपभोगावी. तिच्या पश्चात मुलगा दत्तात्रेय व मुलगी सगुणा यांनी निम्मे निम्मे घ्यावे. वाडीच्या टोकाला सेप्टिक टाकी आहे. तिचा गाळ दर दोन वर्षांनी काढावा. तिच्यात चुलीची राख व धुण्याचे पाणी सोडू नये. सुटे घर असेल, जागा मोकळी असेल आणि विहीर लांब असेल, तर टाकीसारखी सोय नाही. दाटीच्या वस्तीत घरोघर टाक्या खणल्या, तर मात्र शेजाऱ्याची टाकी आपल्या विहिरीत उतरते. तेव्हा भाडेकरू ठेवण्यासाठी दत्तात्रेयाने विहिरीजवळ दुसरी टाकी खणू नये. त्याच्या मनात ते आहे, मला ठाऊक आहे.

कलम २. पोस्टातली शिल्लक ठमाबाईची. त्यात कोणी वाटा मागू नये.

कलम ३. माझी डंपी लेव्हल, म्हणजे जमिनीची उंची-सखलता मोजायची दुर्बीण, तिचा तिवई स्टँड, उंची वाचायची पट्टी आणि टेप ही सगुणेला द्यावीत. लोक हसतील, हसू देत. लहानपणी हीच पट्टी धरून ती माझ्यासमोर उन्हात उभी राहायची आणि तिचा हात कधी हलला नाही. तिच्या लग्नाला मी एका तुंबलेल्या गटारापायी एक दिवस उशिरा पोहोचलो. तिने मला बोलायला हवे होते.

कलम ४. दत्तात्रेयाला माझे घड्याळ आणि माझे म्हणणे. घड्याळ तो घेईल. म्हणणे असे.

मांडवखार हे खाडीच्या वरच्या अंगाचे आमचे बाजाराचे गाव. तिथल्या नगरपालिकेत दत्तात्रेय सभासद आहे. वरच्या आळीला गटार घालायचे आहे, आणि येत्या शुक्रवारच्या सभेत तो एकाच नळाच्या बाजूने हात वर करणार आहे. दत्तू, गावाचा मैला बाहेर काढण्याच्या रीती मोजक्याच आहेत. एक टोपलीची. तिला पाणी लागत नाही, खर्च थोडा, आणि एका माणसाने दुसऱ्याचा मैला डोक्यावर वाहायचा. एवढा एकच दोष पुरे, बाकीचे लिहीत नाही. दुसरी रीत एका नळाची. पाऊस आणि मैला दोन्ही त्यातूनच. रस्ता एकदाच खणायचा, घरांची जोडणी सोपी, आणि पावसाळ्यात नळ आपोआप धुऊन निघतो. पण नळ पावसाच्या मापाने मोठा घ्यावा लागतो. मग उन्हाळ्यात त्याच्या तळाशी वीतभर धार रांगते, मैला बसतो, सडतो. आणि मोठ्या पावसात नळ भरला की तोच मैला रस्त्यावर येतो. तिसरी रीत दोन नळांची. मैल्याला बारीक नळ, त्यात धार जोरकस. पावसाला वेगळे गटार, ते खाडीत कुठेही सोडा. हिला खर्च जास्त, खणणे दोनदा, बारीक नळ अधूनमधून धुवावा लागतो, आणि कोणीतरी अतिशहाणा पन्हळीचे पाणी चुकीच्या नळाला जोडतोच. चौथी मधली: छपराचे आणि परसाचे पाणी मैल्याच्या नळात, रस्त्याचे गटारात. नळही धुतला जातो आणि फार मोठाही लागत नाही.

गाव उंचावर असेल तर यातली कोणतीही निवड. आपल्याकडे उधाणाला खाडी रस्त्याच्या बरोबरीने येते. चार-चार तास नळाचे तोंड पाण्याखाली. मैला तेवढा वेळ हौदात साठवता येतो, कारण तो थोडा असतो. आषाढातला पाऊस कोणत्या हौदात साठवणार?

हे सर्व मी दत्तात्रेयाला तोंडी सांगितले. तो म्हणाला, "बाबा, त्रेपन्न सालचा रिपोर्ट आहे ना दप्तरात. नळात दोष नव्हता, मुकादमाने जाळी साफ केली नाही म्हणून तुंबलं. खाली तुमचीच सही आहे." सही माझीच आहे. मी उठून विहिरीपर्यंत गेलो. आताही जाऊन आलो.

कलम ५. हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही, ठमाबाईजवळही नाही.

पेन्शन घेऊन गावी आलो तेव्हा मांडवखारचे पहिले गटार घालण्याचे काम माझ्याकडे आले. पालिकेची ऐपत एका नळाची, म्हणून एक नळ. तिथवर दोष माझा नाही. नळाचे तोंड खाडीत किती उंचीवर ठेवायचे हे ठरवण्यासाठी मी भरतीची पातळी घेतली. घेतली ती अष्टमीला, भांगाच्या भरतीला, जेव्हा पाणी सर्वांत कमी चढते. अमावास्येपर्यंत थांबायला मला वेळ नव्हता. वहीत लिहिले, "सर्वांत उंच भरती."

माझा बाप मोरू घरत जन्मभर मिठागराच्या बांधावरची उघाडी राखत होता. उघाडी म्हणजे बांधातली लाकडी झडप, भरतीने मिटते, ओहोटीने उघडते. उधाण कुठवर येते हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी मुंबईची मोठमोठी गटारे पाहून आलो आणि बापाचा बांध विसरलो. नळाच्या तोंडाला साधी झडपसुद्धा लावली नाही.

तेव्हा गटाराचा मुकादम बुधाजी चांगू भोईर होता, आमच्याच मिठागराकडचा, राहायला खालच्या आळीत. तो म्हणाला, "सायेब, आज भांग हाय. उदानाला बगा, पानी त्या खांबाच्या वर चरतं."

मी म्हणालो, "बुधाजी, तू झाडू बघ. लेव्हल मी बघतो." भोवती मजूर होते. सगळे हसले.

१९५३ सालच्या आषाढ अमावास्येला भरदुपारी उधाण आणि पाऊस एकदम आले. नळाचे तोंड बुडाले. आत पाऊस, बाहेर खाडी, मैल्याला वाट नाही. खालच्या आळीत चेंबरांची झाकणे उचलली गेली आणि ते पाणी आळीच्या विहिरीत उतरले. पंधरवड्यात पटकीने चार माणसे नेली. त्यात बुधाजीची नऊ वर्षांची नलू होती.

चौकशी झाली. मी लिहिले की नळाच्या जाळीत कचरा होता, मुकादमाने ती साफ केली नव्हती. जाळी स्वच्छ होती. ओहोटी लागल्यावर मी स्वतः कमरेइतक्या पाण्यात उतरून हाताने चाचपली होती. बुधाजीची नोकरी गेली. आळीतल्या बायका त्याच्या बायकोला, बायजाला, तोंडावर म्हणत, "बापानंच पोर घालवली." हे माझ्या कानावर आले होते. मी इथे बसून सुपाऱ्या सोलत राहिलो. मला लाज वाटते. आठ वर्षे वाटते आहे आणि आठ वर्षे मी ती गिळतो आहे.

म्हणून मी जाहीर करतो की तो रिपोर्ट खोटा आहे. पातळी मी चुकीची घेतली. बुधाजी भोईर निर्दोष आहे.

कलम ६. ~~मांडवखारच्या खाडीकाठची माझी स्वकष्टार्जित अठरा गुंठे जागा बुधाजी व बायजा यांना द्यावी.~~ ~~सदर जागा त्यांनी वंशपरंपरा उपभोगावी.~~ (हे कलम रद्द. समासात माझी सही आहे. कारण पुढे.)

कलम ७. सहा कलमे लिहून झाल्यावर साक्षीसाठी शेजारचे दादू नाईक गुरुजी यांना बोलावले, आणि रेवदंड्याला निरोप धाडून बुधाजीला. त्याने आधी ऐकावे एवढीच माझी इच्छा होती. तो दुपारी चालत आला. हल्ली मिठागरावर मजुरी करतो. ओटीवर बसला, पाणी घेतले नाही. गुरुजींनी पाचवे कलम वाचून दाखवले. दाराआड ठमाबाई उभी होती, तिनेही ते तेव्हाच पहिल्यांदा ऐकले.

बुधाजी माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "जाली साफ व्हती?"

"होती."

"तुमी बगितली व्हती?"

"हाताने पाहिली होती."

"मी आट वर्सं आटवतो," तो म्हणाला. "त्या सकाली काडला कचरा का न्हाय काडला. बायजा म्हनं, काडला तुमी. पन मना आटवं ना. लोक येवडं म्हनतात, तर न्हाय काडला आसंल. मीच मारली पोरीला, आसं धरून चाललो."

मी उभा राहिलो, बसलो, परत उभा राहिलो.

त्याने विचारले, "ह्यो कागद वाचनार कवा?"

गुरुजी म्हणाले, "बाळाजीराव गेल्यानंतर."

"मंग शुक्रवारी नल पास होल. ह्ये मरतील कवा, लोक वाचतील कवा, आनि तवर वरच्या आलीतली पोरं त्योच पानी पितील."

गुरुजींनी सहावे कलमही वाचले आणि सांगितले की ज्याला काही मिळायचे त्याने साक्षीला बसू नये, उद्या कोर्टात संशय निघतो. त्यावर बुधाजी म्हणाला, "जागा खोडा. मना साक्ष करायची हाय. लोक म्हनतील म्हाताऱ्यानं भरमात लिवलं. मी सांगन, माज्या समूर लिवलं. जागा घेतली तर म्हनतील, जागंसाटी बोलतो."

मी पुन्हा म्हणालो, जागा घे. तो म्हणाला, "बायजाला आता घरी जाऊन येक गोष्ट सांगायची हाय. तिच्यात जागा नको."

तेव्हा ती जागा मांडवखार नगरपालिकेला, मैल्याच्या हौदासाठी, दोन नळ घातले तरच. एकच नळ घातला तर सगुणेला.

कलम ८. पाचवे कलम माझ्या मरणाची वाट पाहणार नाही, ते आजपासून लागू. गुरुजींनी त्याची नक्कल केली आहे. शुक्रवारच्या सभेत ती मी उभा राहून वाचणार. दत्तात्रेय समोर बसलेला असेल. मला भीती वाटते. माझ्यावर खटला झाला तर कोणी वकील देऊ नये.

हे लिहून झाल्यावर मी बुधाजीचे पाय धरायला वाकलो. त्याने पाय मागे घेतले. म्हणाला, "माफीचं मंग बगू. आदी सही कुटं करायची ती जागा दावा."

मृत्युपत्र करणार: बाळाजी मोरू घरत

साक्षीदार:
१. दादू गोविंद नाईक, शिक्षक, चौल
२. बुधाजी चांगू भोईर, रेवदंडा. धंदा: गटार मुकादम (मी मजूर लिहीत होतो, त्यांनी सांगितल्यावरून असे लिहिले. दा. गो. ना.)

मुक्काम चौल, तारीख १२ फेब्रुवारी १९६१