झाकणाखालचं रीळ

प्रिय एल्फ्रीडा,

मी खडखडीत बरा आहे, पोटभर जेवतो. तुझा गुडघा कसा आहे? लाकडं फोडून द्यायला कुणी येतं ना?

यंदा आपली जुनी स्नोमोबाईल अर्ध्या वेगानंच पळते. हेवर्ड रोज माझ्याआधी जनावरांच्या सापळ्यांवर पोचतो आणि हसतो, "म्हाताऱ्या, गाडी दमली की तू?" म्हणून परवा दोन्ही कार्बुरेटर उतरवून धुवायला घेतले. घाण फारशी नव्हतीच. पण दोन्ही झाकणांखाली, स्प्रिंगच्या आत, दोऱ्याच्या लाकडी रिळाचा एकेक तुकडा बसवलेला! रेस पूर्ण उघडूच नये, अशी कुणाचीतरी करामत.

इथे जंगलातल्या खोपट्यात आम्ही दोघंच, आणि सुईदोरा हेवर्डकडेच असतो. विचारलं तर म्हणाला, "तुझ्या खटाऱ्याला हात कोण लावतो?" तेव्हापासून आम्ही एका चुलीवर दोन किटल्या ठेवतो.

पण स्क्रूंवरचे ओरखडे तुझ्या स्वयंपाकाच्या सुरीचे वाटतात. शिवाय मागच्या हिवाळ्यात बर्फ फुटून मी पाण्यात गेलो, तेव्हापासून माझ्या वेगाला तू किती घाबरतेस, हे मला ठाऊक आहे.

तू केलं असशील तर नुसतं 'हो' लिही. रागावणार नाही, तुकडे परत बसवीन. 'नाही' लिहिलंस, तर हेवर्डसारखा चाळीस वर्षांचा सोबती गेलाच म्हणायचा.

तुझाच,
अँब्रोज