गुरुजींच्या वर्गात टाटपट्टीवर

नागपूर, १२ जुलै १९७४

आधीचे हेडमास्तर वर्गात खुर्ची टाकून बसायचे आणि शिक्षकांना पोरांसमोरच झापायचे. आज शिपायानं माझ्यासाठीही, म्हणजे नव्या हेडबाईंसाठी, तीच खुर्ची आणली. मी परत पाठवली अन् तिसरीच्या पोरींत टाटपट्टीवर बसले. गणित शिकवताना वानखेडे गुरुजी सारखे माझ्याकडेच बघत होते. बेरजेत हातचा धरायचा विसरले. उठून सांगावं? छे, ते आधीच्यांसारखंच झालं असतं.

शेजारची पोरगी ओरडली, "गुरुजी, हातचा राह्यला!"

गुरुजी चक्क हसले. "बरं झालं वं पोरी, सांगितलं मले."

मग काय आवाज लागला त्यांचा! शिकवतात की हो हे.

खुर्चीशिवाय धाक कसा राहणार, शिपाई म्हणे. कशाला हवा?

शाळा सुटल्यावर गुरुजी स्वतःच आले. "बाई, उद्या भागाकार घेऊन राहिलो. याल ना बसाले?"